विमलची विंग

विनोदी नटाला शाल पांघरणाऱ्या माणसांच्या तोंडावर एक ठरावीक भाव असतो. आता हा काहीतरी करेल, असा. शाल घसरवेल, नारळ डोक्यावर ठेवेल, निदान अडखळेल तरी. गंभीर नटाला शाल दिली की लोक उठून उभे राहतात, आम्हाला दिली की खिशातून फोन काढतात. ही वाट पाहणारी तोंडं मी आयुष्यभर पाहिली आणि त्यांच्यातल्या एकाहीबद्दल मला माया उरलेली नाही.

तरी गेलो. हैदराबादेत गौलीगुड्याला बस स्टँडच्या मागच्या गल्लीत मराठी मंडळाचं जुनं सभागृह आहे. ते आता पाडणार आहेत. पाडायच्या आधी तिथे एक शेवटचा कार्यक्रम करावा आणि त्यात मला जीवनगौरव द्यावा, असं मंडळाच्या नव्या लोकांनी ठरवलं. हे नवे लोक पुण्या-मुंबईहून आलेले, गचीबावलीच्या उंच इमारतींत राहणारे, दिवसभर कंप्युटरसमोर बसणारे. त्यांना मराठी संस्कृती रविवारी सकाळी दहा ते एक या वेळात जपायची असते. मंडळाचा सेक्रेटरी केतन, हसतमुख आणि हुशार पोरगा, घरी बोलावायला आला तेव्हा मी नाहीच म्हणणार होतो. पण बोलता बोलता तो म्हणाला की सभागृहातलं लोखंडी कपाट रिकामं करताना, पूर्वी तिथे आमची नाटकं बसवणाऱ्या मास्तरांच्या एका नाटकाची कॅसेट सापडली आहे. ती मला देणार असाल तर येतो, असं मी सांगितलं. का हवी ते सांगितलं नाही. माझ्या घरातल्या गोष्टी समजावून सांगण्याइतकी त्या पोराची माझी ओळख नव्हती.

गल्लीत शिरलो आणि बेगमबाजारच्या सुक्या मिरच्यांचा ठसका नाकात बसला. तेवढा एक बदललेला नाही. मागून कंडक्टरचं दिलसुखनगर, दिलसुखनगर चालूच होतं. दारात फुलांची कमान होती, तिच्यावर माझा रंगीत फोटो, डोळे तिरळे करून जीभ बाहेर काढलेला. माझे इतके फोटो असताना यांना हाच मिळाला.

आत मात्र अंधार तोच होता. पडद्याला तोच कुबट वास होता, आणि त्या वासाच्या मागे, कुठेतरी लाकडात मुरलेला, मिशा डकवायच्या स्पिरिट गमचा.

त्या काळी आषाढातल्या बोनालूच्या जत्रेचे ढोल थांबले की आमच्या तालमी सुरू व्हायच्या. मी तेव्हा आबिड्सला एका कापडदुकानात गज घेऊन उभा असायचो. दिवसभर बायकांसमोर साड्या उलगडून दाखवायच्या, त्यांनी नाक मुरडलं की हसत हसत पुन्हा घड्या घालायच्या. संध्याकाळी दुकान सुटलं की चालत गौलीगुड्याला. वाटेत इराण्याकडे उभ्यानं चहा आणि खारी बिस्किटं. सभागृहाची दारं उघडली की आधी वटवाघळाचा वास यायचा, मग उदबत्तीचा, कारण मास्तर नटराजाच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावल्याशिवाय कुणाला रंगमंचावर पाय ठेवू देत नसत. मास्तर शाळेत इतिहास शिकवायचे आणि दरवर्षी गणपतीत करायला स्वतः एक ऐतिहासिक नाटक लिहायचे. त्यात गड असायचा, फितुरी असायची, आणि कुणाला ना कुणाला शेवटच्या अंकात मरावं लागायचं.

आम्ही सगळे इथलेच. घरात मराठी, गल्लीत दख्खनी, शाळेत तेलुगू. मराठी बोलायचो फर्डं, पण वाचायची बोंब होती. मास्तरांची देवनागरी वही हातात आली की आमचा राजा, जो दिवसा बँकेत बसायचा, तो बोट ठेवून अक्षरं लावायचा. म्हणून प्रत्येकानं आपापली भाषणं तेलुगू अक्षरांत उतरवून घेतलेली. एकानं तर उर्दूत. महाराजांची ललकारी उजवीकडून डावीकडे वाचली जायची आणि मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे.

सरळ मराठी वाचणारं माणूस आमच्यात एकच होतं, विमल. ती नांदेडकडची. वडील रेल्वेत, म्हणून सिकंदराबादेत राहायला आलेली. बसनं यायची, पिशवीत बॅटरी आणि डबा घेऊन. तिला कुणी भूमिका दिली नाही आणि तिनं मागितलीही नाही. उजव्या विंगेत एका स्टुलावर ती बसायची, मांडीवर वही, हातात बॅटरी, आणि आम्ही अडलो की वाक्य द्यायची. तिचं प्रॉम्प्टिंग कुजबुजणं नव्हतं. रेशनच्या दुकानात नावं पुकारावीत तशा एकाच पट्टीत ती पहिले चार शब्द टाकायची. त्यात राजा नसायचा, जासूद नसायचा, वीर नसायचा की करुण नसायचा. पुढच्या दोन रांगांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकायला मिळायचं, आधी कोरडं आणि मग आमचं तेलात तळलेलं. मला अजून वाटतं की पहिलंच जास्त चांगलं असायचं.

मी पाठांतर सोडूनच दिलं होतं. लोकांना माझा थांबा आवडतो म्हणतात. मी वाक्याच्या आधी जो क्षणभर गप्प राहतो, डोळे फिरवतो, त्यावर कुणीतरी कौतुकानं लिहिलंय की ही उपजत देणगी आहे. डोंबलाची देणगी. मी विमलची वाट पाहायचो. ती बोलली की मी बोलायचो, तीच सवय लागली आणि पुढे त्याच सवयीचे लोकांनी मला पैसे दिले.

त्या वर्षीच्या नाटकात मी जासूद होतो. शेवटच्या अंकात धावत यायचं आणि गड पडल्याची खबर द्यायची. मग राजा म्हणणार, पुन्हा जा, आणि गडावर अजून कोण जिवंत आहे ते पाहून ये. त्यावर माझं स्वामिनिष्ठेचं लांबलचक भाषण होतं. मास्तरांनी ते लिहिताना रडून घेतलं होतं असं सगळे म्हणायचे. भाद्रपद होता, सभागृह गच्च भरलं होतं. तोंडावर पिवडी आणि जस्ताचा थर, ओठावर डकवलेली मिशी, तिच्या खाली घाम. गल्लीतून गणपतीच्या मांडवाचा बँड. राजा म्हणाला, पुन्हा जा. मी थांबलो. विमलनं वाक्य दिलं. मला ते ऐकू आलं, शब्द न् शब्द कळलाही. तिनं पुन्हा दिलं, जरा मोठ्यानं. आणि माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते दिवसभर दुकानात, बस स्टँडवर, घरी आईसमोर बोलायचो तेच.

"अपने से नै होता, महाराज."

सभागृह कोसळलं. माणसं खुर्च्यांवरून वाकली, बायकांनी पदर तोंडात कोंबले. राजानं सिंहासनावर तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते. मास्तरांनी स्वतः येऊन पडदा ओढला. गड पडला तो पडलाच, त्यात कोण जिवंत राहिलं ते कुणाला कधी कळलं नाही. मला त्याची लाज वाटत नाही, तेव्हाही वाटली नव्हती. जळत्या गडावर माणसाला दोनदा पाठवणाऱ्या राजाला दुसरं काय सांगायचं असतं?

पुढे मी सिनेमात कसा गेलो हे सांगण्यात राम नाही. गेलो. ते वाक्य बरोबर गेलं. महाराजांच्या जागी उस्ताद आले, भाई आले, डॉक्टरसाब आले, सासरे आले. मी चिखलात पडलो, बायकांचे कपडे घातले, म्हशीच्या शेपटीला धरून फरफटलो, मुस्काटात खाल्ल्या, आणि प्रत्येक वेळी शेवटी कॅमेऱ्याकडे बघून म्हणालो, अपने से नै होता. लोक टाळ्या वाजवायचे. या धंद्यात बुद्धी लागते असं मुलाखतीत सांगायची पद्धत आहे. मला तर फक्त न सुजणारा गाल लागला.

प्रसिद्धीबद्दल लोक मोठ्या आदरानं विचारतात. प्रसिद्धी म्हणजे भाजीवाली जास्त भाव लावते आणि तिचा नवरा फोटो मागतो. प्रसिद्धी म्हणजे कुणाच्या मयताला गेलो की मागच्या बाजूला दोघे-तिघे तोंडावर हात धरतात. आता तर माझं तोंड लोकांच्या फोनमध्ये एवढंसं होऊन बसलंय. ऑफिसात काम नको असलं की एकमेकांना ते पाठवतात. विमलच्या शेवटच्या आजारात दवाखान्यातल्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं की आता आमच्या हातात फारसं काही नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला, घटकाभर मान खाली घातली. मग म्हणाला, सर, बुरा नक्को मानो, मेरे बच्चों के लिए एक बार वो बोल देंगे? मी बोललो. त्यानं फोनमध्ये घेतलं. बाहेर येऊन मी बाकावर बसलो आणि मला त्या माणसाची, त्याच्या पोरांची आणि ज्यांनी ज्यांनी मला हसून दाद दिली त्या सगळ्यांची किळस आली. ती अजून गेलेली नाही.

विमल माझी बायको. मघाशी सांगायला हवं होतं. नाटकाच्या पुढच्याच वर्षी लग्न झालं. मास्तरांनी अक्षता टाकल्या पण माझ्याशी बोलले नाहीत, आणि मला पुन्हा कधी नाटकात घेतलं नाही. विमल त्यांच्याच बाजूची. तुम्ही मास्तरांचं नाटक मातीत घातलंत, हे तिनं मला संसारभर ऐकवलं. मी म्हणायचो, अगं, सगळं सभागृह हसत होतं. ती म्हणायची, मी वही मिटून घरी गेले होते.

माझ्या कुठल्याही कामाला ती हसली नाही. सिनेमा लागला की माझ्याबरोबर यायची, जरीची साडी नेसून, आणि गालाला हात लावून दात दुखत असल्यासारखी पडद्याकडे बघत बसायची. आजूबाजूला लोक लोळायचे. तसं तिला हसू येत नसे असं नाही. दूध उतू गेलं, मांजरानं शेजारच्यांचा मासा पळवला, की हसायची. नाकातून सुरू व्हायचं आणि तोंडाशी येता येता ती ते हातानं दाबून टाकायची, शिंक दाबावी तसं. एकदा मी चिडून विचारलं, मी सगळ्या हैदराबादला हसवतो, तुलाच काय झालंय?

"मला पुढचं वाक्य माहीत असतं," ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

खरंच माहीत असायचं. स्टूल सुटलं तरी तिची विंग सुटली नाही. लग्नकार्यात ती माझ्या उजव्या खांद्यामागे उभी राहायची आणि समोरून कुणी हसत आलं की त्याच कोरड्या आवाजात मागून सुरू व्हायची: नारायणगुड्याचे, मुलगी अमेरिकेत, आई गेली, तोंड भरून विचारा. मी तोंड भरून विचारायचो. लोक म्हणायचे, एवढा मोठा माणूस पण किती लक्षात ठेवतो. हिवाळ्यात गच्चीवर उन्हाला बसून ती मला पटकथा वाचून दाखवायची. उन्हाळ्यात मोझमजाही मार्केटातले आंबे पाण्यात टाकून, पदरानं वारा घेत वाचायची. मी डोळे मिटून ऐकायचो. बाकीची दुनिया मला बघायला यायची. मी मात्र संध्याकाळची वाट बघायचो, तिनं काहीतरी वाचावं म्हणून.

मग तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली ती नुसती हवा. हल्ली ज्याच्या त्याच्या फोनमध्ये आवाज साठवतात. आमच्या घरात तसा फोन आला तेव्हा साठवण्यासारखं काही उरलं नव्हतं. लग्नकार्यात ती माझ्या कोपराला बोट लावायची आणि मी चुकीच्या माणसाला त्याच्या जिवंत आईबद्दल दुखवटा कळवायचो. लोक हसायचे. त्यांना वाटायचं मी मुद्दाम करतो. गेल्या वर्षी ती गेली. माझ्या चेहऱ्याची, पडण्याची, ओरडण्याची हजारो चित्रं जगात पडली आहेत आणि तिचा एक शब्द कुठे नाही.

फक्त त्या कॅसेटमध्ये होता. दुबईहून आलेल्या एका ओळखीच्या माणसाचा टेपरेकॉर्डर मास्तरांनी नाटकासाठी मागून आणला होता. वायर जिथवर पोचली तिथे मायक्रोफोन टांगला, म्हणजे उजव्या विंगेत, विमलच्या डोक्यावर. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे ऐकायला बसलो तर नट कुठेतरी विहिरीत असल्यासारखे, आणि सगळ्यांवर विमल, खणखणीत. पहिला अंक संपायच्या आत मास्तरांनी बटण बंद केलं, हे विमलचं एकपात्री झालंय म्हणाले आणि कॅसेट लोखंडी कपाटात भिरकावली. पुढचं आम्ही कुणीच ऐकलं नाही. इतकी वर्षं मी ती विसरून गेलो होतो, आणि केतननं नाव काढल्यापासून मला झोप नव्हती.

कार्यक्रमाच्या आधी मी उजव्या विंगेत जाऊन उभा राहिलो. स्टुलाच्या जागी थर्माकोलचा हत्ती होता. तिथे केतन आला, खुशीत. काका, तुमच्यासाठी सरप्राइज आहे म्हणाला. कॅसेटची अवस्था वाईट होती, पण त्यानं रात्री जागून ती कंप्युटरवर घेतली आणि साफ केली.

"एक बाई सारखी सगळ्यांवर बोलत होती, काका. तुमचे डायलॉग ऐकूच येत नव्हते. तिला पूर्ण काढून टाकली. आता फक्त तुम्ही लोक आणि ऑडियन्स."

मी विचारलं, कॅसेट कुठे आहे. ती फिरवतानाच तुटली, बुरशी होती, टाकून दिली. आणि साफ करायच्या आधीचं? ते कशाला ठेवू काका, तो म्हणाला, स्वच्छ आहे ना आपल्याकडे.

त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्याचं काही चुकलं नव्हतं. नटाला स्वतःच्या आवाजाखेरीज दुसरं काही हवं असेल, हे त्याच्या डोक्यात येणार कुठून? माझ्याही डोक्यात आलं नसतं. आमची जात तशीच आहे. मला त्याच्या कानाखाली वाजवायची होती आणि मी मंचावर जाऊन खुर्चीत बसलो.

शाल आली, नारळ आला, माझ्या तिरळ्या डोळ्यांचं काचेसारखं चकचकीत स्मृतिचिन्ह आलं. भाषणं झाली. एका बाईंनी हास्य हे औषध आहे असं सांगितलं. मग दिवे मंद झाले आणि केतननं नाटक लावलं.

आम्ही सगळे स्वच्छ ऐकू येत होतो. राजा, सरदार, फितूर, सगळे धुऊन पुसून ठेवलेले, आणि मेलेले. आणि वाक्यावाक्याच्या मध्ये भोकं. कुणीतरी अडतो, शांतता, मग एकदम वाक्य. समोर बसलेल्यांना ती नाटकी शांतता वाटत असणार. मला प्रत्येक भोकात काय होतं ते माहीत होतं. तिचा आवाज नेमका त्या आकाराचा कापून नेला होता. मी खुर्चीच्या हातावर नारळ धरून बसलो आणि शेवटचा अंक लवकर संपावा असं म्हणत राहिलो.

राजा म्हणाला, पुन्हा जा. एक भोक. मग आणखी एक, पहिल्यापेक्षा जरा लांब. मग माझा आवाज, कोवळा, घाबरलेला. अपने से नै होता, महाराज.

आणि सभागृह हसायच्या आधी कुणीतरी हसलं. अगदी जवळ, मायक्रोफोनच्या खालीच. नाकातून सुरू झालेलं, तोंडाशी येता येता फुटलेलं, हातानं दाबलेलं, आणि दाबूनही न थांबलेलं. मग मागून सगळ्या सभागृहाचा लोंढा आला आणि ते त्यात बुडालं. हसणं आहे म्हणजे ऑडियन्सच असणार, असं कंप्युटरला वाटलं आणि त्यानं ते राहू दिलं.

दिवे लागले. टाळ्या, शिट्ट्या, काका डायलॉग, काका डायलॉग. फोन वर. केतननं माईक पुढे केला. मी त्याला म्हणालो, ते शेवटचं परत लाव. त्यानं लावलं. पुन्हा लाव म्हणालो. पुढच्या रांगेत एक गृहस्थ बायकोच्या कानाशी लागले, स्वतःच्याच वाक्यावर किती खूश आहे बघ, असंच काहीतरी म्हणाले असतील. म्हणू दे. त्यांच्यासाठी मी डोळे तिरळे केले, ते सुखावले, आणि मी केतनला खूण केली की आणखी एकदा.

वही मिटून घरी गेले होते म्हणे. खोटारडी. स्टुलावर बसून, वही मांडीवर उघडी ठेवून, सगळ्यांच्या आधी हसली होती. संसारभर माझं प्रत्येक पुढचं वाक्य तिला माहीत होतं. ते एक माहीत नव्हतं.